तेवीस सेंटिमीटरांचा पट्टा : भोगवटा, हक्क व तळटीप

१. वादाचें स्वरूप

वतनाच्या किंवा शिवेच्या तंट्याचे कागद ज्यांनीं चाळले असतील त्यांस एक गोष्ट परिचयाची आहे. तंट्यांतील दोन्ही पक्ष आपली हकीकत मुळापासून सांगतात, आणि दोघांच्याहि हकीकतींत जो दुवा गळलेला असतो तोच बहुधा निवाड्याचा खरा विषय असतो. प्रस्तुत लेखांत आम्हीं जो तंटा विचारास घेतला आहे तो जमिनीचा नाहीं, रेडिओलहरींचा आहे. परंतु त्याचें स्वरूप, त्यांतील पुराव्याची जात आणि तो वाचण्याची रीति हीं सर्व आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचीं आहेत.

१२४० ते १३०० मेगाहर्ट्झ या वारंवारतांच्या पट्ट्यांत दोन वहिवाटदार एकत्र नांदत आहेत. एक हौशी रेडिओवाले, ज्यांस लोकव्यवहारांत 'हॅम' म्हणतात. दुसरे दिग्दर्शक उपग्रह, ज्यांच्या लहरी ऐकून जहाजें, विमानें, मोजणीदार आणि आतां खिशांतील दूरध्वनीहि आपलें ठिकाण ठरवितात. या लहरींची लांबी सुमारें २३ सेंटिमीटर असल्यामुळें हौशी मंडळींत यास 'तेवीस सेंटिमीटरांचा पट्टा' असेंच नांव आहे. २० नोव्हेंबर ते १५ डिसेंबर २०२३ या काळांत दुबई येथें जागतिक रेडिओसंचार परिषद भरली. तिनें वाटपाच्या तक्त्यास या पट्ट्यासंबंधीं एक नवी तळटीप जोडली. या तळटीपेचा अर्थ लावतांना दोन मतें मांडलीं जातात. पहिलें असें कीं, हौशी लोक या पट्ट्याचे मूळ धनी असून उपग्रहवाल्यांनीं मागाहून येऊन त्यांचा हक्क हिरावला. दुसरें असें कीं, हा पट्टा उपग्रहांचाच. हौशी लोक त्यांत मोकाट वागत होते व २०२३ सालीं त्यांस प्रथमच वेसण घातली गेली. आमच्या मतें मूळ कागद एकापुढें एक मांडून वाचले असतां या दोन्ही मतांस आधार राहत नाहीं. तो आधार कां राहत नाहीं हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२. दर्जा कसा वाचावा

लहरींच्या वाटपाचा अस्सल कागद म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची रेडिओ-नियमावली होय. तिच्या पांचव्या कलमांत वाटपाचा तक्ता दिलेला आहे. जगाचे तीन विभाग करून तक्त्यास तीन उभे रकाने पाडले आहेत. हिंदुस्थान तिसऱ्या विभागांत येतो. प्रत्येक घरांत त्या पट्ट्यांत कोणकोणत्या कामांस मुभा आहे त्या कामांचीं, म्हणजे नियमावलीच्या भाषेंत 'सेवां'चीं, नांवें असून त्यांखालीं तळटीपांचे आंकडे असतात. इंग्रजी प्रतींत कांहीं सेवांचीं नांवें सर्व मोठ्या अक्षरांत छापलेलीं असतात, कांहींचीं साध्या अक्षरांत. हा छापखान्याचा अलंकार नव्हे. मोठ्या अक्षरांतील सेवा प्राथमिक दर्जाची, साध्या अक्षरांतील दुय्यम दर्जाची, असा त्याचा अर्थ आहे. ज्याप्रमाणें पत्रावरील मायना व शिक्का यांवरून लिहिणाराची पायरी कळते, त्याप्रमाणें येथें अक्षराच्या आकारावरून हक्काची पायरी कळते.

दुय्यम सेवेवर तीन नियम लागू आहेत. पहिला, तिच्या केंद्रांनीं प्राथमिक सेवेच्या केंद्रांस घातक अडथळा करूं नये. दुसरा, प्राथमिक सेवेकडून आपणांस अडथळा झाल्यास दुय्यम सेवेनें संरक्षण मागूं नये. तिसरा, आपल्याच किंवा दुसऱ्या दुय्यम सेवेच्या जीं केंद्रें मागाहून आलीं असतील त्यांच्याविरुद्ध मात्र तिला संरक्षण मागतां येतें. यांपैकीं पहिल्या नियमांतील एक शब्दसमूह वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. ज्या प्राथमिक केंद्रांस अडथळा करावयाचा नाहीं तीं आज नेमलेलीं असोत किंवा पुढें केव्हांहि नेमलीं जावोत, नियम दोघांसहि सारखाच लागतो. म्हणजे प्राथमिक व दुय्यम यांच्या संबंधांत 'आधीं कोण आला' या प्रश्नास किंमतच ठेवलेली नाहीं. कालाचें ज्येष्ठत्व विचारांत येतें तें फक्त तिसऱ्या नियमांत, म्हणजे दुय्यमांच्या आपसांतील तंट्यांत.

मराठी मुलखांतील मिरासदार व उपरी यांचें नातें येथें सहज आठवतें. परंतु हें साम्य फार ताणूं नये. मिरासीचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनें पक्का होत असे आणि गोतसभेंत तो साक्षीपुराव्यानें शाबीत होई. रेडिओ-नियमावलींत वहिवाटीनें मिरास होत नाहीं. दर्जा तक्ता देतो, आणि दर काहीं वर्षांनीं भरणारी परिषद तोच तक्ता बदलूं शकते. मिरासदार उपऱ्याच्या पायरीवर उतरल्याचें व नव्यानें आलेल्यास मिरास मिळाल्याचें उदाहरण याच पट्ट्याच्या इतिहासांत आहे, तें पुढें येईल.

३. पडीत जमीन व तिचे पहिले कसणारे

हौशी रेडिओवाले उंच वारंवारतांकडे स्वखुशीनें वळले असें नाहीं. १९१२ च्या अमेरिकन कायद्यानें खासगी केंद्रांस २०० मीटरांहून लांब लहरी वापरण्याची मनाई केली. त्या काळच्या समजुतीप्रमाणें दूरच्या संदेशवहनास लांब लहरी उपयोगी व आखूड लहरी निरुपयोगी होत्या; म्हणजे हौशींच्या वांट्यास खडकाळ जमीन दिली गेली. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील लेऑं देल्वा व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल या हौशींनीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अटलांटिक महासागराच्या आरपार दुतर्फा संभाषण केलें, तेव्हां ती खडकाळ जमीन सुपीक असल्याचें सिद्ध झालें. लागलीच व्यापारी व सरकारी केंद्रांनीं तिकडे मोर्चा वळविला. १९२५ सालीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेंत हौशींच्या वांट्याचे पट्टे प्रथमच आंतरराष्ट्रीय तक्त्यांत नमूद झाले. पडीत जमीन इस्ताव्यानें लागवडीस आणावी, ती पिकूं लागली म्हणजे सारा वाढावा, आणि शेवटीं जमिनीवर इतरांची नजर पडावी, हा क्रम रेडिओच्या इतिहासांत वारंवार दिसतो. तेवीस सेंटिमीटरांचा पट्टा त्यास अपवाद नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत रडारविद्येमुळें फार उंच वारंवारता हातीं आल्या. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं अमेरिकेंतील अटलांटिक सिटी येथें जी परिषद भरली तिनें तक्त्याची मर्यादा १०,५०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविली, आणि १२१५ ते १३०० मेगाहर्ट्झ हा ८५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हौशींच्या नांवें लिहिला. 'आम्ही मूळचे धनी' या म्हणण्यास जो कागद आहे तो हाच. परंतु या कागदाचें आयुष्य बारा वर्षांचेंच ठरलें. १९५९ च्या जिनीव्हा परिषदेनें हा पट्टा रेडिओ-स्थाननिर्णयाच्या, म्हणजे मुख्यत्वें रडाराच्या, सेवेस प्राथमिक दर्जानें दिला व हौशींस दुय्यम पायरीवर उतरविलें. लांब पल्ल्याच्या पहारेकरी रडारांस हाच भाग सोयीचा होता, हें त्याचें कारण.

येथें एक गोष्ट ठळकपणें नोंदली पाहिजे. १९५९ सालीं एकहि दिग्दर्शक उपग्रह आकाशांत नव्हता. पहिला कृत्रिम उपग्रह सोडला जाऊन दोन वर्षेंच झालीं होतीं. सबब हौशींचा प्राथमिक हक्क उपग्रहांनीं घेतला हें म्हणणें कालक्रमाशीं विसंगत आहे. तो रडारानें घेतला, आणि उपग्रह आले तेव्हां हौशी आधींच उपरी झालेले होते. दोन पक्षांच्या हकीकतींतून गळलेला दुवा म्हणतों तो हाच.

४. भोगवट्याचीं साधनें

हक्क उतरला तरी भोगवटा चालू राहिला, किंबहुना त्याचा उत्तम काळ त्यानंतरच आला. हौशींचें या पट्ट्यांतील मुख्य ठाणें १२९६ मेगाहर्ट्झच्या आसपास कां बसलें यासहि एक सोपें कारण आहे. १४४ ची तिप्पट ४३२ व ४३२ ची तिप्पट १२९६. १४४ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्राची वारंवारता दोनदां तिप्पट केली कीं माणूस या पट्ट्यांत पोंचतो. उंच वारंवारता थेट निर्माण करणारीं यंत्रें दुर्मिळ असतां हौशींनीं ही पायरी-पायरीची वाट धरली, आणि तीं ठाणीं आजतागायत तशींच आहेत. गांव कां वसलें हें जसें पाणवठ्यावरून कळतें, तसें हें आहे.

जुलै १९६० मध्यें या पट्ट्यावर हौशींची एक अपूर्व गोष्ट घडली. कॅलिफोर्नियांतील एक व मॅसॅच्युसेट्समधील एक अशा दोन हौशी मंडळांनीं १२९६ मेगाहर्ट्झवरील लहरी चंद्रावर आपटवून, त्यांचा प्रतिध्वनि ऐकून, परस्परांशीं दुतर्फा संदेश केला. हौशींनीं चंद्रमार्गें केलेलें हें पहिलें दुतर्फा संभाषण होय. चंद्र सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर. संदेश जाऊन परत येण्यास सुमारें अडीच सेकंद लागतात, आणि किलोवॅटच्या घरांतली शक्ति सोडावी तेव्हां परत येणारा ध्वनि कानास जेमतेम लागतो. हा प्रकार पुढें बंद पडला नाहीं. आजहि चंद्रप्रतिध्वनीसाठीं १२९६ मेगाहर्ट्झ हें हौशींचें आवडतें ठिकाण आहे.

याशिवाय दूरदर्शनाचीं हौशी प्रक्षेपणें आणि डोंगरमाथ्यावर बसवून दुर्बळ संदेश पुढें पाठविणारीं पुनःप्रक्षेपक यंत्रें यांचाहि वापर युरोपांत वाढला. हे दोन प्रकार पुढील तंट्यांत महत्त्वाचे असल्यामुळें त्यांचें वेगळेपण सांगणें अवश्य आहे. चंद्रप्रतिध्वनीचा किंवा तारायंत्री खुणांचा संदेश पट्ट्याचा अगदीं अरुंद भाग व्यापतो आणि थोडा वेळ चालतो. दूरदर्शनाचें प्रक्षेपण कित्येक मेगाहर्ट्झ व्यापतें. आणि पुनःप्रक्षेपक तासन्‌तास, कधीं अहोरात्र, चालू राहूं शकतो.

या भोगवट्याचा लेखी पुरावा म्हणजे केंद्रांच्या रोजवह्या आणि संभाषण झाल्याची पोंच म्हणून हौशी लोक एकमेकांस पाठवितात तीं पत्रें. अशा पत्रावर दोन्ही केंद्रांच्या खुणेचीं अक्षरें, तारीख, जागतिक प्रमाणवेळ, वारंवारता व ध्वनीची प्रत लिहिलेली असते. दोन ठिकाणच्या वह्यांत एकच नोंद जुळली म्हणजे ती नोंद शंकातीत होते; जावक व आवक बारनिश्या ताडून पाहण्याची आपली पद्धति याहून वेगळी नाहीं.

५. १९७९ ची मोडणी

२२ फेब्रुवारी १९७८ रोजीं अमेरिकेच्या जागतिक स्थाननिर्णय व्यवस्थेचा, म्हणजे आज सर्वतोमुखीं असलेल्या 'जीपीएस'चा, पहिला उपग्रह सोडण्यांत आला. त्याच्या दोन लहरींपैकीं दुसरी १२२७.६० मेगाहर्ट्झवर आहे. म्हणजे ती थेट हौशींच्या तत्कालीन पट्ट्यांत पडत होती. पुढच्याच वर्षीं, २४ सप्टेंबर ते ६ डिसेंबर १९७९, जिनीव्हा येथें सर्व तक्त्याची फेरतपासणी करणारी मोठी परिषद भरली. तिच्या ठरावपत्रांचा अंमल १ जानेवारी १९८२ पासून सुरू झाला. या परिषदेंत उपग्रह-दिग्दर्शन सेवेस १२१५ ते १२६० मेगाहर्ट्झ या भागांत प्राथमिक दर्जा मिळाला, आणि हौशींच्या पट्ट्याची खालची शीव १२१५ वरून १२४० वर सरकली. ८५ पैकीं २५ मेगाहर्ट्झ गेले. म्हणजे जवळजवळ तीन दशांश.

हुसकावून लावल्याची तक्रार करणारांनीं बोट ठेवावें असा कागद कोणता असेल तर तो १९७९ चा आहे, २०२३ चा नव्हे. परंतु तोहि एकतर्फी नाहीं. याच परिषदेनें एका तळटीपेनें हौशी उपग्रहांस १२६० ते १२७० मेगाहर्ट्झ या भागांत मुभा दिली. अटी दोन : इतर सेवांस घातक अडथळा होऊं नये, आणि लहर जमिनीवरून उपग्रहाकडेच जावी, उलट दिशेनें येऊं नये. ही मुभा कागदावरच राहिली नाहीं. १६ जून १९८३ रोजीं सोडलेल्या 'ऑस्कर-१०' व १५ जून १९८८ रोजीं सोडलेल्या 'ऑस्कर-१३' या हौशी उपग्रहांवर १२६९ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश वर घेऊन ४३६ मेगाहर्ट्झच्या आसपास खालीं सोडण्याची सोय होती. एक हात कापला व दुसऱ्यांत नवें हत्यार दिलें, असा हा निवाडा झाला. मधल्या काळांत, १२ ऑक्टोबर १९८२ रोजीं, सोव्हिएत रशियाच्या 'ग्लोनास' व्यवस्थेचे पहिले उपग्रह वर गेले. त्यांची एक लहर १२४६ मेगाहर्ट्झच्या आसपास असल्यामुळें उरलेल्या पट्ट्यांतहि नवा शेजारी आला.

६. इस्तंबूल व 'गॅलिलिओ'

यापुढचा निर्णायक कागद इस्तंबूलचा. तेथें ८ मे ते २ जून २००० पर्यंत भरलेल्या परिषदेनें उपग्रह-दिग्दर्शन सेवेचा प्राथमिक पट्टा १२६० वरून १३०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविला. येथून पुढें हौशींचा संपूर्ण पट्टा दिग्दर्शक उपग्रहांच्या प्राथमिक क्षेत्राखालीं आला. या वाटपाचा उपयोग युरोपच्या 'गॅलिलिओ', चीनच्या 'बेइदौ' व जपानच्या 'मिचिबिकी' या व्यवस्थांनीं केला. 'गॅलिलिओ'ची 'ई-६' नांवाची लहर १२७८.७५ मेगाहर्ट्झवर असून जपानी व्यवस्थेची एक लहर त्याच ठिकाणीं आहे; 'बेइदौ'ची एक लहर १२६८.५२ वर आहे.

मग २००० सालीं झालेल्या वाटपाचा गाजावाजा १९ वर्षांनीं कां झाला ? याचें उत्तर 'गॅलिलिओ'च्या चरित्रांत आहे. त्याचे पहिले दोन कार्यक्षम उपग्रह २१ ऑक्टोबर २०११ रोजीं सुटले, प्राथमिक सेवा १५ डिसेंबर २०१६ रोजीं जाहीर झाली. 'ई-६' लहरीवरील सेवा प्रथम व्यापारी, म्हणजे दाम मोजणाऱ्या थोड्या ग्राहकांसाठीं योजिली होती. २०१८ सालीं अतिसूक्ष्म स्थाननिर्णयाची सेवा सर्वांस मोफत द्यावी असें ठरलें, आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं ती सुरू झाल्याचें जाहीर झालें. आडव्या अंतरांत सुमारें २० सेंटिमीटर व उंचींत सुमारें ४० सेंटिमीटर इतकी अचूकता देण्याचें तिचें उद्दिष्ट आहे. मूठभर ठराविक यंत्रांऐवजीं आतां कोठेंहि, कोणाच्याहि हातीं ऐकणारें यंत्र असूं शकतें. जुना करार तोच राहिला. शेजारी मात्र वाढले.

अडथळ्याचें कारणहि समजून घेतलें पाहिजे. 'गॅलिलिओ'चे उपग्रह सुमारें २३,२२२ किलोमीटर उंचीवरून फिरतात. जमिनीवर पोंचेपर्यंत त्यांच्या लहरींची शक्ति इतकी क्षीण होते कीं, एका वॅटचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग केले तर त्यांतील एकाहूनहि ती कमी भरते. ती यंत्राच्या स्वतःच्या गुणगुणीखालीं बुडालेली असते व केवळ सांकेतिक क्रमाच्या ओळखीवरून शोधून काढावी लागते. उलट हौशी केंद्र जवळच्या टेकडीवरून कांहीं वॅट शक्ति सोडतें. दूरच्या देवळांतील जपमाळेचा आवाज ऐकावयाचा आणि शेजारीं चौघडा वाजत असावा, तशी ही स्थिति. मात्र अरुंद लहरीचा उपद्रव ग्राहक यंत्रास बऱ्याच अंशीं गाळून टाकतां येतो; रुंद व अखंड प्रक्षेपणाचा तितका गाळतां येत नाहीं. म्हणून दूरदर्शन व पुनःप्रक्षेपक हेच वादाच्या केंद्रस्थानीं आले.

७. २०१९ चा ठराव व २०२३ ची तळटीप

२८ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर २०१९ या काळांत इजिप्तमधील शर्म अल्‌-शेख येथें भरलेल्या परिषदेनें ७७४ क्रमांकाचा ठराव केला. हौशींच्या प्रक्षेपणांमुळें दिग्दर्शक ग्राहकांस अडथळा झाल्याच्या कांहीं घटनांचा त्यांत उल्लेख आहे. पट्टा समूळ जाणार अशी धास्ती हौशींत होती. पण ठरावाच्या शब्दांत त्या धास्तीस उत्तर होतें : ग्राहकांचें संरक्षण होईल अशा तांत्रिक व व्यवहारविषयक उपायांचा अभ्यास करावा, परंतु हौशींचें वाटप काढून टाकण्याचा विचार करूं नये, असें त्यांत स्पष्ट घातलें आहे. ज्यांस ठरावाचें नांवच माहीत होतें, मजकूर नव्हे, त्यांस तो हद्दपारीचा हुकूम वाटला. वस्तुतः तो पंच नेमल्याचा कागद होता.

यानंतर चार वर्षें अभ्यास चालला. त्याचीं फळें दोन अहवाल व एक शिफारस. 'एम. २५१३' क्रमांकाच्या अहवालांत अडथळ्याचें गणित आहे, तर 'एम. २५३२' मध्यें हौशी लोक या पट्ट्यांत कोणत्या प्रकारें, किती शक्तीनें व कितपत काम करतात याचें वर्णन आहे. या दुसऱ्या अहवालाकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. भोगवट्यानें हक्क मिळत नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. परंतु भोगवट्याच्या लेखी पुराव्यानें निवाड्याचें स्वरूप बदलतें, हें येथें दिसतें. कोणतीं कामें अरुंद, क्वचित् व निरुपद्रवी आणि कोणतीं रुंद व अखंड हें दाखवितां आल्यामुळें सरसकट बंदीऐवजीं भागवार मर्यादा सुचविणें शक्य झालें. २०२३ सालीं मंजूर झालेल्या 'एम. २१६४' या शिफारशीचें स्वरूप असेंच आहे. तिच्यांत पट्ट्याचे पोटभाग पाडले असून प्रक्षेपणाच्या रुंदीप्रमाणें व जागेप्रमाणें शक्तीच्या वेगवेगळ्या मर्यादा सुचविल्या आहेत.

आतां मूळ तळटीप. तिचा आशय असा : हौशी व हौशी-उपग्रह सेवांस १२४० ते १३०० मेगाहर्ट्झ किंवा त्याच्या कांहीं भागांत मुभा देणाऱ्या देशांनीं, त्यांच्याकडून उपग्रह-दिग्दर्शनाच्या ग्राहकांस घातक अडथळा होणार नाहीं याची खातरजमा करावी, या कामीं उक्त शिफारस पाहावी, आणि अडथळ्याची वर्दी येतांच मुभा देणाऱ्या देशानें तो त्वरित दूर करण्यासाठीं अवश्य तें सर्व करावें.

हा मजकूर दुसऱ्या प्रकरणांतील जुन्या नियमाशेजारीं ठेवून पाहावा. अडथळा न करण्याचें बंधन नवें नाहीं. तळटीप स्वतःच त्या जुन्या नियमाचा हवाला देते. १९५९ पासून हौशींवर रडाराच्या बाबतींत व २००० पासून संपूर्ण पट्ट्यांत दिग्दर्शक उपग्रहांच्या बाबतींत तें होतेंच. म्हणून 'प्रथमच वेसण घातली' हें दुसरें मतहि टिकत नाहीं. नवें आहे तें इतकेंच : जबाबदारी प्रत्येक देशाच्या खात्यावर नांव घेऊन टाकली, त्वरेची अट घातली, आणि शिफारशीकडे बोट दाखविलें. शिफारस ही स्वतः आज्ञा नव्हे. तिचें पालन ऐच्छिक असतें. परंतु आज्ञेच्या तळटीपेंत तिचें नांव आल्यामुळें प्रत्येक देश परवाने देतांना ती समोर ठेवील, हें उघड आहे. ७७४ चा ठराव याच परिषदेंत रद्द झाला, म्हणजे पंचांचें काम संपलें असें मानण्यांत आलें.

८. हिंदुस्थानाचा संबंध

हा तंटा मुख्यत्वें युरोपांत उद्भवला. तथापि तक्ता सर्व जगाचा असल्यामुळें त्याचे परिणाम येथेंहि पोंचतात. हिंदुस्थानांतील हौशी परवान्यांत या पट्ट्याचा १२६० ते १३०० मेगाहर्ट्झ एवढाच भाग येतो. म्हणजे 'ई-६' लहरीपासून दूर, १२४० च्या बाजूस सरकण्याची जी वाट इतर देशांतील हौशींस मोकळी आहे ती येथील हौशींस नाहीं. आपल्या 'नाविक' व्यवस्थेच्या लहरी या पट्ट्यांत पडत नाहींत, त्यामुळें स्वदेशी उपग्रहांशीं हा तंटा येत नाहीं. परंतु 'गॅलिलिओ' व 'बेइदौ' यांचे ग्राहक येथेंहि आहेत.

याच पट्ट्यांत आणखीहि वहिवाटदार आहेत. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या भारत-अमेरिकेच्या 'निसार' उपग्रहाचें एक रडार सुमारें २४ सेंटिमीटरांच्या लहरींनीं भूपृष्ठाचें मापन करतें. आणि पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिचा एक ग्राहक पट्टा १००० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान पडतो. रेडिओ-ज्योतिषास राखीव असलेली जागा १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ एवढीच. तिच्याखालीं ऐकणारा ज्योतिषी हौशींहूनहि खालच्या पायरीवरचा. ज्या उपग्रहलहरींच्या संरक्षणासाठीं हौशींवर मर्यादा आल्या, त्याच लहरी या दुर्बिणीस उपद्रव देतात. एकाचा मंजूळ स्वर तो दुसऱ्याचा कलकलाट, हें या क्षेत्राचें मर्म त्यावरून लक्षांत येईल.

९. निष्कर्ष

वरील कागदांवरून आमचे निष्कर्ष येणेंप्रमाणें. (१) १९४७ ते १९५९ या बारा वर्षांपलीकडे हौशींचा या पट्ट्यावर प्राथमिक हक्क दाखवितां येत नाहीं, आणि तो उपग्रहांनीं नव्हे, रडारानें संपविला. (२) हौशींची जागा उपग्रह-दिग्दर्शनाकडे गेली ती १९७९ सालीं, २५ मेगाहर्ट्झ. (३) सांप्रतच्या वादाचें मूळ २००० च्या वाटपांत असून २०२३ ची तळटीप ही जुन्या बंधनाची कडक पुनरुक्ति आहे. (४) हौशींची वाट पूर्ण बंद झाली नाहीं यास ठराव ७७४ मधील एक उपवाक्य व भोगवट्याचा लेखी पुरावा हीं दोन कारणें आहेत.

चौथ्या निष्कर्षावरून संग्राहकांस एक विनंती करावीशी वाटते. जुन्या हौशी रेडिओवाल्यांच्या रोजवह्या, पोंचपत्रें व यंत्रांचे हातानें काढलेले नकाशे घरोघर पडून आहेत. धनी वारला म्हणजे यंत्र भंगारांत व कागद रद्दींत जातो. बखरी व बाडें यांस जी दशा एके काळीं आली तीच आतां यांस येत आहे. तेवीस सेंटिमीटरांच्या पट्ट्याचा तक्ता पुढील कोणत्याहि परिषदेंत पुन्हां उघडला जाऊं शकतो. तेव्हां या पट्ट्यांत कोण, केव्हांपासून व कशा रीतीनें वावरत होतें हें विचारलें जाईल, आणि तोंडी सांगण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं. ज्याच्या दप्तरांत कागद असेल त्याचीच हकीकत ऐकली जाईल.